शुक्रवारचं पिच

त्रेसष्ट साली इस्रायलमध्ये ओफाकिमच्या कापड कारखान्यात आमच्यासारखाच मुंबईहून आलेला एक यहुदी फिटर होता आणि आमच्या क्रिकेट टीमचं पिचही तोच करायचा. बोलण्याआधी चिमूटभर माती बोटांत चुरायची त्याची सवय होती. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत रोलर कोपऱ्यात जायचा. तेव्हापासून शनिवार संध्याकाळपर्यंत शब्बाथ, आमचा विश्रांतीचा दिवस. त्यात खेळ चालायचा, काम नाही.

एका शनिवारी तेल अवीवहून आलेल्या टीमचा इंग्रज कॅप्टन पिचवरच्या भेगा बघून भडकला. म्हणाला, "आधी रोलर फिरवा."

"आज शब्बाथ आहे," हा आपल्या बॉम्बेच्या इंग्रजीत म्हणाला. मग माती चुरत म्हणाला, "साहेब, आमची भारताची पोरं टेस्ट खेळायला तुमच्याकडे येतात आणि ओल्या गवतावर आऊट होतात. तेव्हा तुम्ही म्हणता, यांना खेळता येत नाही. इथे बॉल वळला की पिच वाईट?"

कॅप्टन टॉस करायला गेला. आणि त्याच पिचवर त्याच्याच फिरकीवाल्याने आम्हाला जेवणाआधी गुंडाळलं.

रविवारी, आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, कारखान्यात मी त्याला म्हटलं, "पुढच्या वेळी भेगा बुजवू या."

"नाय. पिच हेच राहील," तो म्हणाला. "घरचं आहे ना? मग आपण त्याच्यावर खेळायला शिकायचं."