तिरुचीला एका दिवसात जाऊन येऊ

ज्या ट्रिपा होतात त्यांचे फोटो उरतात आणि ज्या होत नाहीत त्यांचे किस्से. आमच्या घरात फोटो फार कमी आहेत!

तंजावूरहून तिरुची म्हणजे गाडीने सव्वा तास. माणसं रोज तिकडे नोकरीला जाऊन येतात, कॉलेजला जातात, दात काढून घ्यायला जातात. आम्ही मात्र जानेवारीपासून नुसते 'जाणार' आहोत. त्या जाण्याचे किस्से आता इतके साठलेत की कोणी पाहुणा आला की मुरली, म्हणजे माझा नवरा, आधीच कॉफी ठेवायला उठतो.

मी मूळची सांगलीची. लग्न होऊन राजवाड्यामागच्या या गल्लीत आले त्याला बावीस वर्षं झाली. सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलतात, पण लिहिणं-वाचणं सगळं तमिळमध्ये. त्यामुळे हे मी देवनागरीत अगदी बिनधास्त लिहितेय. कोणाला कळायचं झालं तर मलाच वाचून दाखवावं लागेल!

तर मंडळी सहा. गोपाळकाका, मुरलीचे काका, सरकारी बांधकाम खात्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले, त्यामुळे प्लॅन त्यांचा. पद्माकाकू, खाणंपिणं त्यांच्याकडे. त्यांचा मुलगा सेतु, गाडी त्याची. मुरली, जो कशालाही 'सरी सरी' म्हणजे 'बरं बरं' म्हणतो. मी. आणि काकांची मोठी बहीण अंबुआत्या, वय एक्क्याऐंशी, जिच्यासाठी हे सगळं चाललंय.

आत्याची थोरली बहीण रुक्मिणीआत्या तिरुचीला मुलाकडे असते. तिला हल्ली काही आठवत नाही. जानेवारीत तिच्या सुनेचा, सुधाचा, फोन आला. "लवकर येऊन जा. अम्मांना अजून अंबु म्हटलं की ओळख पटते. आणखी किती दिवस, ते सांगवत नाही." अंबुआत्याचे गुडघे गेलेत, बसची पायरी तिला चढवत नाही. व्हिडिओ कॉल लावला तर रुक्मिणीआत्या टीव्ही समजून "हें नको, दुसरें लाव" म्हणते. म्हणजे गाडीनेच जायला हवं होतं.

"एका दिवसात जाऊन येऊ," काका म्हणाले. "त्यात काय!"

*

काकांनी चार पानी प्लॅन केला. कॉलम पाडले: वेळ, ठिकाण, अंतर, शेरा. व्हॉट्सॲप ग्रुप उघडला आणि सूचना मागवल्या. इथेच चुकलं!

काकूंना श्रीरंगमचं दर्शन हवं होतं. सेतुला वाटेत कल्लणैचं धरण बघायचं होतं, जे त्याने शाळेपासून किमान दहा वेळा बघितलंय. मुरलीला एका मेसमध्ये जेवायचं होतं. मी प्लॅनमध्ये साड्यांचं दुकान घातलं, ते लपवत नाही. वर रविवारी साडेचार ते सहा राहुकाळ, त्यात परत निघायचं नाही. सहानंतर निघालं तर काकांना समोरच्या गाड्यांचे लाइट सहन होत नाहीत. गाडी सेतु चालवणार, पण डोळे काकांचे दुखणार! म्हणजे सगळं चार वीसच्या आत बसवायला हवं.

तीन रविवार खपून काकांनी ते बसवलं. चौथ्या रविवारी कॉफी घेता घेता चारही पानं मोठ्याने वाचून दाखवली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

अंबुआत्या सगळं शांतपणे ऐकत होती. वाचून झाल्यावर तिने विचारलं, "गोपाळा, आक्काच्या घरी कधी जावयाचें?"

काकांनी पहिलं पान बघितलं. मग दुसरं. मग चौथ्याची मागची बाजूसुद्धा.

"अय्यो," ते म्हणाले. "थांब, शेऱ्याच्या कॉलममध्ये जागा आहे!"

*

प्लॅन सुधारला. निघायच्या दिवशी सकाळी सात वाजता सगळे गाडीत बसल्यावर काकूंना आठवलं की आज रविवार, आणि रविवारी पश्चिमेला दिशाशूल, म्हणजे तिकडे निघणं अशुभ. तिरुची तर बरोबर पश्चिमेला!

यावर उपाय सोपा आहे. गुळाचा खडा तोंडात टाकायचा आणि निघायचं. काकूंनी डबीतून गूळ काढला. सगळ्यांनी खाल्ला. काकांनी हात मागे घेतला. "माझी शुगर!"

मग गाडीतच चर्चा सुरू झाली. पाचजणांनी गूळ खाल्ला आणि एकाने नाही, तर शूल त्या एकट्याला लागेल की अख्ख्या गाडीला? सेतु म्हणाला गाडीला, कारण गाडी एकच आहे. मग त्यानेच तोड काढली. आधी पूर्वेला निघायचं, म्हणजे निघणं पूर्वेचं झालं. मग वळून तिरुचीला जायचं, म्हणजे ते नुसतं वळणं झालं. काकांना हे इंजिनिअर म्हणून पटलं.

गल्लीच्या टोकापर्यंत पूर्वेला गेलं असतं तरी भागलं असतं. पण काकू म्हणाल्या, गावाची हद्द तरी ओलांडायला हवी. हद्द ओलांडल्यावर म्हणाल्या, इथवर आलोच आहोत तर पापनाशमला माझ्या मावसबहिणीकडे दोन मिनिटं डोकावू. त्या दोन मिनिटांत पोंगल झाला, वडा झाला, दोनदा कॉफी झाली, आणि त्यांच्या नव्या घराचा गच्चीपर्यंत फेरफटका झाला. खाली उतरलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. बारापासून यमगंड, म्हणजे आणखी दीड तास वाईट. जेवूनच निघा, असा आग्रह झाला.

त्या दिवशी आम्ही तिरुचीला निघून पापनाशमला जाऊन आलो.

परतताना आत्या मांडीवर बॅग घेऊन खिडकीतून शेतं बघत होती. "आक्का आणखी पंचवीस किलोमीटर लांब गेली," एवढंच म्हणाली.

*

मग काकांच्या लक्षात आलं की अडचण गाडीतल्या जागेची आहे. माणसं सहा, सीट पाच. "आधी रिहर्सल करू!"

हॉलमध्ये पुढे दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे दिवाण, अशी गाडी तयार झाली. सेतुच्या हातात स्टीलचं ताट दिलं, स्टिअरिंग म्हणून. मागे आम्ही चौघं. काकूंनी प्रवासासाठी चिंचेचा भात केळीच्या पानात बांधून ठेवला होता, तो मांडीवर घेतला. काका पुढे घड्याळ लावून बसले.

"वल्लम आलं," त्यांनी दहा-पंधरा मिनिटांनी जाहीर केलं. आम्ही हललो नाही. पुढचं गाव तुवाकुडी यायच्या आत काकू आणि माझ्यात खिडकीवरून वाजलं. खिडकी नव्हती, तरी वाजलं! मुरलीने भाताचं पान सोडलं, तर काका म्हणाले, जेवणाची वेळ अजून झालेली नाही.

शेवटी आत्या म्हणाली, "मज येथेंच उतरवा. मी चालत जातें."

मुरली म्हणाला, "सरी सरी." उठला, वळसा घालून पलीकडे गेला आणि आत्यासाठी दार उघडलं.

*

आता बॅगेचा किस्सा. त्यासाठी प्रस्थान माहीत हवं. ज्या दिवशी निघायचं त्या दिवशी मुहूर्त नसेल तर आधीच्या एखाद्या चांगल्या वेळी आपलं सामान जायच्या दिशेच्या शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचं. म्हणजे आपण निघालो असं धरतात. मग दुसऱ्या दिवशी कधीही जा, शूल लागत नाही, गूळही लागत नाही. सांगलीत माझी आजीही हे करायची.

आत्यानेच सुचवलं. शनिवारी संध्याकाळी तिची निळी बॅग गल्लीच्या पश्चिम टोकाला मेरी टीचरकडे ठेवून आलो. टीचर रिटायर्ड, चर्चला जाणाऱ्या, पण शेजारधर्माला पक्क्या. त्यांनी बॅग देव्हाऱ्यासारख्या त्यांच्या कोनाड्यात मेणबत्तीशेजारी ठेवली.

रविवारी सेतुच्या गाडीची बॅटरी गेली. मेकॅनिक म्हणाला, सोमवारी बघू.

"बॅग घेऊन येते," मी म्हटलं आणि चप्पल घातली. काका, काकू, आत्या तिघंही एकदम ओरडले. निघालेलं सामान परत घरात आणायचं नसतं! आणलं तर तो प्रवासच मोडतो.

"मग बॅगेत काय काय आहे?" मुरलीने विचारलं.

रुक्मिणीआत्यासाठी घेतलेली कांद्याच्या सालीच्या रंगाची सुती साडी होती, लिंबाचं लोणचं होतं, आणि अंबुआत्याचा चष्मा!

तो आठवडाभर आत्या रोज सकाळी पेपर काखेत मारून, हळूहळू चालत मेरी टीचरकडे जायची. तिथे बॅगेतून चष्मा काढायची, पेपर वाचायची आणि चष्मा परत बॅगेत ठेवून घरी यायची. चष्मा काढलेला चालतो, घरी आणलेला चालत नाही, असा निर्णय काकांनी दिला होता.

*

पुढच्या रविवारी सेतुला त्याच्या बँकेने कामासाठी बाहेरगावी पाठवलं. त्याच्या पुढच्या रविवारी मी नोकरी करते त्या शाळेत परीक्षेचं काम होतं. हे मात्र मला बोचतं. सुपरवायझरला एक शब्द टाकला असता तर सुट्टी मिळाली असती. आणि टॅक्सी? टॅक्सीचं नाव काढलं की काका म्हणायचे, "घरात गाडी असतां टॅक्सी?" मी ऐकून घ्यायचे. मी गुपचूप एक दिवस टॅक्सी बोलावून आत्याला घेऊन गेले नाही, याची मला लाज वाटते.

बॅग मात्र थांबली नाही. प्रस्थान एका जागी फार दिवस ठेवायचं नसतं, पुढे सरकवायचं असतं. मेरी टीचर वल्लमला भावाकडे जेवायला जायच्या, त्या बॅग घेऊन गेल्या. दोन आठवडे ती वल्लमला राहिली. आत्याचा चष्मा वल्लमला, म्हणून पेपर मी वाचून दाखवायला लागले. मग टीचरच्या भावाचा जावई, जो तुवाकुडीला कारखान्यात आहे, ती बॅग मोटारसायकलवरून तुवाकुडीला घेऊन गेला. काका रोज ग्रुपवर बॅग कुठे आहे ते टाकायचे. सगळे अंगठे दाखवायचे.

शेवटी त्या जावयाला रविवारी तिरुचीत काम निघालं. जाता जाता त्याने बॅग सुधाच्या दारात दिली. रुक्मिणीआत्याच दारात उभी होती, तिच्याच हातात दिली. सकाळी सव्वानऊला.

काकांनी प्लॅन काढून बघितला. "आपल्या वेळेच्या सात मिनिटं आधी!" ते म्हणाले, आणि खरंच खूश झाले.

*

पुढच्या शनिवारी संध्याकाळची गोष्ट. सगळे हॉलमध्ये होतो. बॅग पोचली म्हणजे आता आपल्याला जायलाच हवं, म्हणून काका पाचवं पान लिहीत होते. गाडी दुरुस्त होऊन आली होती. काकूंनी चिंच भिजत घातली होती. मी रविवारच्या परीक्षेच्या कामातून शाळेत रीतसर सुट्टी मागून आले होते. तेवढ्यात फोन वाजला. आत्याला कमी ऐकू येतं म्हणून मुरलीने स्पीकर लावून फोन तिच्या पुढ्यात ठेवला.

"अंबु काय?" रुक्मिणीआत्याचा आवाज खणखणीत होता. "काय गे तूं! चष्मा येथेंच विसरलीस."

आत्याने आमच्याकडे बघितलं. आम्ही एकमेकांकडे.

"साडी नेसलें मी आज," रुक्मिणीआत्या म्हणाली. "तूं म्हणालीस तशीच निघाली, मऊ. किती वर्षांनी आलीस! मज फार बरें वाटलें. सुधाससुद्धा सांगितलें, माझी अंबु येऊन गेली म्हणून."

मागे सुधा काहीतरी सांगायला गेली. "अम्मा, त्या अजून..." रुक्मिणीआत्याने तिला गप्प केलं.

"आता इतक्यांत परत येऊं नको हां. गुडघे दुखतात तुझे. गेल्या रविवारींच आलीस की."

काकांचं पेन थांबलं होतं. मुरली फोन उचलायला पुढे झाला, बहुतेक खरं काय ते सांगायला. आत्याने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. मग फोनजवळ वाकली.

"आक्का, मी जेवलें काय गे तेथें?"

"हें काय विचारणें! माझ्या शेजारींच बसलीस. दोनदा दहीभात घेतलास. आणि वर मलाच म्हणालीस, मीठ जास्त पडलें!"

आत्याने डोळे पुसले.

"होतेंच की खारट," ती म्हणाली.