रझाकनं दाखवलेली बोटं

रझाक लेकीकडे नांदेडला गेला होता. तिथं त्याच्या छातीत कळ आली, लेकीचा फोन आला आणि मी उदगीरहून धावत निघालो. पोहोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. वॉर्डाबाहेर तरुण डॉक्टरांनी विचारलं, "बोटं निळी पडायची, धाप लागायची, असं लेक सांगते. आधी कुणाला बोलले नव्हते का?"

रझाक शिंपी, माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या दुकानासमोरच माझं औषधांचं दुकान. गेल्या पावसाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला, जंतुसंसर्ग रक्तात पसरला. लातूरला अकरा दिवस अतिदक्षता विभागात काढून तो परतला, तेव्हा मी गल्लीभर पेढे वाटले. आमच्या लेखी आजार संपला होता. पण गार पाण्यात हात घातला की त्याची बोटं निळी पडत, आणि दुकानाच्या चार पायऱ्या चढताना तो भिंतीला टेकायचा.

एकदा भर गर्दीत तो माझ्याकडे आला, दोन्ही हात पसरून म्हणाला, "बघ की रे जरा. लई थंड पडून राहिलेत." हृदयाचा रिपोर्ट मी पाहिलेला होता. गिऱ्हाइकांकडे बघत मी म्हणालो, "रिपोर्ट नॉर्मल हाय तुझा. काम टाळायचे बहाणे हायत हे!" सगळे हसले. तोही हसला. ताकदीच्या गोळ्या घेऊन गेला, आणि नंतर त्यानं मला हात कधी दाखवले नाहीत.

वॉर्डाबाहेर त्या तरुण डॉक्टरांनी समजावलं... मोठ्या रक्तवाहिन्या ठीक असतील, पण जंतुसंसर्ग रक्तात पसरतो तसल्या आजारात केसाहून बारीक रक्तवाहिन्यांना इजा होते. काहींच्या लवकर सावरतात, काहींच्या महिनोन्महिने नाहीत. नेहमीच्या तपासण्यांत ते दिसेलच असं नाही. "वाचले असते असं नाही म्हणत मी," ते म्हणाले, "पण लक्ष ठेवता आलं असतं."

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर मी रझाकच्या बायकोला, भाभींना, सगळं सांगितलं. "त्यानं मला दाखवलं होतं भाभी. मी हसण्यावारी नेलं."

"मालूम हाय," त्या म्हणाल्या. "मी लातूरला चला म्हणायची, तर म्हणायचे, दोस्ताला दाखवलंय. काही असतं तर त्यानं सोडलं नसतं मला."

खोलीत त्याचं मशीन होतं. सुईखाली अर्धवट शिवलेली कॉलर तशीच दाबलेली. भाभींनी ती काढली नव्हती. मलाही काढा म्हणवलं नाही.