उजानवालीचं ताट

फेकनच्या आधी त्याच्या आईची तीन मुलं गेली होती. म्हणून हा जन्मला तेव्हा सुईणीने त्याला आधी उकिरड्यावर टेकवलं आणि मग उचलून घरात आणलं, म्हणजे यमाला वाटावं, हे टाकलेलंच पोर, ते कशाला न्या. नावही ठेवलं फेकन. आपल्याकडे धोंडू-दगडू ठेवतात, तसलाच प्रकार. यम फसला. गाव फसायचं कारणच नव्हतं, कारण पोर महापात्राचं होतं आणि त्याला टाकायला गावाला वेगळा उकिरडा लागत नव्हता.

दरभंग्याकडच्या त्या गावात महापात्र म्हणजे ब्राह्मणच, पण मेलेल्यांचा. माणूस गेला की अकराव्या दिवशी महापात्राला बोलवायचं, गेलेल्याच्या जागी बसवायचं. गेलेल्याचे कपडे, छत्री, खाट, भांडी त्याला द्यायची आणि पोटभर जेवू घालायचं. मेलेल्याला तोंड नसतं, भूक मात्र असते, आणि ती महापात्राच्या तोंडाने भागते. जेवण झालं की घरचा कर्ता हात जोडून विचारतो, "तृप्त झालात?" महापात्र "तृप्त" म्हणाला की गेलेला जीव पितरांच्या वाटेला लागतो आणि मागची माणसं मोकळी होतात. मग महापात्र आपलं बोचकं उचलून निघतो. तो पाठमोरा झाला की त्याच्या मागे मातीची ढेकळं टाकतात, म्हणजे त्याच्याबरोबर निघालेला जीव माघारी फिरू नये. घटकेपूर्वी ज्याच्या पाया पडले त्याच्याच मागे ढेकळं. त्याने वळून बघायचं नाही, आणि फेकनने जन्मात कधी बघितलं नाही.

त्याचा बाप त्याला सांगायचा, "पोरा, जेवायला बसलास की हे तोंड आपलं नाही असं समजायचं. खारट लागलं तरी बोलायचं नाही. ती चव तुझ्यासाठी नाहीच." बापाचं हे म्हणणं फेकनला लहानपणी फार मोठं वाटायचं. पुढे पुढे त्याच्या लक्षात आलं की चव दुसऱ्याची असली तरी अपचन आपलंच असतं. आता वय झालं होतं, साखरेचा आजार जडला होता, गुडघे बोलत होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा लुधियानाला स्वेटरच्या कारखान्यात होता आणि तिथे भलतंच आडनाव लावत होता. फोनवर म्हणायचा, "बाबा, इकडे येऊन राहा. फक्त आपण काय करतो ते इथं कुणाजवळ बोलू नका." सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने गोड बंद करायला सांगितलं, तेव्हा फेकन म्हणाला होता, "मी सोडतो हो साहेब. मेलेले सोडत नाहीत ना."

एक गोष्ट मात्र त्याच्या अंगवळणी कधीच पडली नाही. जगातल्या कुठल्याही गावात माणूस माणसाला भेटला की विचारतो, जेवलास का? फेकनला ते कुणी विचारत नसे. महापात्राला आपल्या दारात जेवण विचारायचं म्हणजे आपल्या घरात मरण बोलवायचं, असा तिथला समज. सकाळी तो समोरून आला तर लोक वाट बदलत, बायका पोरांना पदराआड घेत. पोटात कावळे ओरडत असले तरी तो सगळ्या गावातून उपाशी चालत जाऊ शकत होता, आणि तसा तो कित्येकदा गेलाही.

उजानवाली काकी तेवढी वेगळी. माहेर उजानचं, म्हणून तिथल्या रीतीप्रमाणे गावाला ती उजानवाली. खरं नाव बहुतेक तिचं तिलाही आठवत नसेल. एकोणिसाव्या वर्षी पदरात तान्हा मुलगा असताना नवरा गेला आणि बाई पांढऱ्या साडीत शिरली ती शेवटपर्यंत. तिचं घर पोखरीच्या काठावर, म्हणजे गावच्या तळ्यावर. फेकन तिथून जाताना दिसला की ती बांबूच्या कुंपणापाशी येऊन मोठ्याने विचारायची, "काय रे फेकन, जेवलास का?"

"काकी, असं विचारू नये," तो मान खाली घालून म्हणायचा.

"का? मरेन म्हणून? मग मर म्हणावं एकदाची. एक दिवस तू माझंच ताट जेवणार आहेस ना? मग आधीच बघून ठेव, तुला आवडतंय का ते."

"जेवलोय मी, काकी."

"खोटं बोलतोस. तोंड बघ कसं सुकलंय."

तो खोटंच बोलायचा. तिच्या हातचं खाल्लं आणि उद्या तिला काही झालं, तर गाव बोलेलच, पण त्याला स्वतःलाही ते सहन झालं नसतं. इतक्या वर्षांत तिच्या हातचा एक घास त्याने खाल्ला नाही. ती विचारत राहिली आणि तो जेवलोय म्हणत राहिला.

एकदा पोखरीत मोठं जाळं लावलं होतं. कोळी जाळं ओढत होते, काठावर माणसांची झुंबड, फेकन लांब फणसाखाली उभा आणि काकी घाटावर भांडी घासत बसलेली. जाळ्यात चांगला हातभर रोहू आला. काकी हातातलं भांडं तसंच ठेवून बघत राहिली. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "फेकन, माहेरी माशाचं डोकं माझं असायचं. मोहरीच्या रश्श्यातलं. भाऊ भांडायचे, पण बाप म्हणायचा, डोकं पोरीला द्या, पोरगी हुशार होईल." आणि हसली. "झाले बघ हुशार."

त्या मुलखात ब्राह्मणही मासे खातात, माशावाचून तिथे कुठलं शुभकार्य होत नाही. विधवेला मात्र ते वर्ज्य. काकी पुढे म्हणाली, "माझ्या जागी बसशील तेव्हा ध्यानात ठेव हो. हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. आणि कुणाला सांगू नकोस, मेल्यावर तरी अब्रू राहू दे."

चैत्रात उजानवाली गेली. शेवटचं वर्षभर अंथरुणात होती आणि सून तिचं सगळं करत होती. सून लोहन्याची, म्हणून लोहनावाली. मुलगा कमलकांत पाटण्याला कचेरीत. सणाला येणार आणि आईला शाल पांघरून जाणार. आता डोकं भादरून, पांढरं धोतर नेसून तो मोठ्या हौसेने विधीला उभा होता. आईच्या नावाने काही कमी पडू द्यायचं नाही, असं त्याने चारचौघांत सांगून ठेवलं होतं. जिवंतपणी आखडलेला हात अकराव्या दिवशी कसा सैल सुटतो, ते बघायचं असेल तर अशा मुलांच्या घरी जावं.

फणसाखाली फेकनला बसवलं. शेजारी नवी खाट, गादी, छत्री, पितळी भांडी. गेलेली बाई असली की एरवी महापात्राची बायको शेजारी बसते. ती नव्हती, म्हणून काकीसाठी आणलेली पांढरी साडी त्याच्याच खांद्यावर टाकली. कमलकांत त्याच्या पाया पडला. समोर ताट आलं. भात, डाळ, तिलकोराची तळलेली पानं, पाच भाज्या, खीर, रसगुल्ले. फेकनने ताटाकडे बघितलं आणि तो मनातून पार थकून गेला. ज्या बाईने त्याला जन्मभर जेवायला विचारलं, तिचं अन्न आज पहिल्यांदा समोर आलं होतं, आणि विचारणारी नव्हती.

तो जेवला. सावकाश, एकेक घास करून, खीरही खाल्ली. लोक उन्हात ताटकळले होते. शेवटी कमलकांतने हात जोडून विचारलं, "तृप्त झालात?"

फेकनच्या तोंडातून शब्द निघेना.

आजवर शेकडो पानांवरून तो तृप्त म्हणून उठला होता. कधी पोट फुटेस्तोवर खाऊन, कधी कोंबड्याला टाकावं तसं वाढलेलं खाऊन. कोण खरंच तृप्त झालं आणि कोण नाही, हे त्याला कधी कळलं नव्हतं आणि त्याने विचारही केला नव्हता. पण या एका बाईला काय हवं होतं ते त्याला माहीत होतं, आणि ते या ताटात नव्हतं. आज तृप्त म्हटलं तर खोटं बोलून तिला कायमचं उपाशी लावून द्यायचं. न म्हणावं तर ती अशीच लोंबकळत राहणार. आणि मासा मागावा, तर अकराव्याला मासा चालत नाही हे राहू दे, सगळ्या गावासमोर तिची अब्रू जायची.

"तृप्त झालात?" कमलकांतने पुन्हा विचारलं.

फेकन रिकाम्या पानावरून बोट फिरवत राहिला.

गर्दीतला एकजण म्हणाला, "सुरू झालं याचं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी जात."

"काय हवंय ते बोल ना," कमलकांत म्हणाला. आत्तापर्यंतचं 'झालात' गेलं आणि 'बोल' आलं. "पंखा हवाय? सायकल? आईसाठी मी नाही म्हणणार नाही."

"काही नको मालक."

पुरोहित भवनाथ झा हातातला दर्भ आपटत म्हणाले, "अरे फेकन, तू तर कधी अडून बसणारा नव्हतास. म्हातारपणी चळलास काय? मुहूर्त टळतोय."

"मला थोडा वेळ द्या पंडितजी."

"वेळ कशाला? खाल्लेलं जिरवायला?" लोक हसले. फेकनला राग आला नाही. राग यायलासुद्धा अंगात बळ लागतं. त्याला एवढंच वाटत होतं की हे शेवटचं ताट असावं, यापुढे कुणाच्याही जागी बसायला लागू नये.

तेवढ्यात दह्याचं मडकं घेऊन लोहनावाली आली. दही राहिलंच वाढायचं, असं काहीतरी पुटपुटत ती पदर पुढे ओढून त्याच्या पानासमोर बसली. तीही दमलेलीच होती. वर्षभराची झोप तिच्या डोळ्यांखाली साठलेली दिसत होती. दही वाढायला वाकून ती फक्त त्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "काका, त्यांनी खाल्लं."

फेकनने मान वर केली.

"माघात. डोकंच, मोहरीतलं. तान्ह्या पोरीगत हट्ट धरून बसल्या होत्या. मी दार लावून केलं, काटे काढून भरवलं. दोनदा मागून घेतलं. मग म्हणाल्या, फेकनला सांग हो, नाहीतर तो मुलखाचा खुळा, अडून बसेल उगाच." ती आणखी वाकली. "मला सांगायला धीर होईना. विधवेला भरवलं मी, काका. त्यांना पाप लागलं असेल का?"

फेकनने पानातल्या दह्याकडे बघितलं. म्हणाला, "लागलं असलं तर इथंच वाढ, सूनबाई. माझं पान अजून उठलेलं नाही."

तिने आणखी दही वाढलं. ते त्याने बोटांनी निपटून, शेवटच्या थेंबापर्यंत खाल्लं. दही आंबट होतं. ते आंबट लागलं, त्याचं त्यालाच नवल वाटलं. कित्येक वर्षांत जेवताना त्याला कशाची चव कळली नव्हती. मग कमलकांतने विचारायच्या आधीच तो मोठ्याने म्हणाला, "तृप्त. पोट भरलं तिचं. अगदी भरलं." आणि सगळ्या गावासमोर पानावर बसूनच रडला. महापात्र रडलेला तोवर कुणी बघितला नव्हता. पंखा मिळाला नाही म्हणून रडतोय, असंही कुणीतरी म्हणून घेतलं.

खांद्यावर साडी, हातात छत्री घेऊन तो निघाला. खाट नेली नाही, उचलवतच नव्हती. मागे ढेकळं पडल्याचे आवाज आले. त्याने वळून बघितलं नाही.

त्यानंतर बरेच दिवस तो पोखरीच्या वाटेला गेला नाही. तिथून जायचं म्हणजे ते कुंपण लागणार, आणि कुंपणापलीकडे कुणी नसणार. ज्येष्ठात शेजारच्या गावचं बोलावणं आलं, पण दुखणं आहे म्हणून त्याने पुतण्याला धाडलं आणि आपण दवाखान्यात गेला. परतताना दुपार कलली होती, पाय उचलत नव्हते, आणि पोखरीची वाटच जवळची होती. छत्री खाली ओढून, कुंपणाकडे न बघता तो हळूहळू पुढे निघाला.

"काका," मागून हाक आली.

लोहनावाली कुंपणापाशी उभी होती. तिच्या मागे अंगणात, सुटीला आलेला कमलकांत खाटेवर झोपलेला दिसत होता. तिने एकदा मागे बघितलं, आणि मग जराही आवाज न उतरवता, शेजारपाजारच्या घरांना ऐकू जाईल असं विचारलं, "जेवलात का?"

त्याची जीभ सवयीने खोटं बोलायला उचलली. पण घर अजून लांब होतं, आणि तो फार दमला होता. त्याने छत्री मिटली.

"नाही," फेकन म्हणाला. "नाही जेवलो, सूनबाई."