दोन हळदींचा एक डीजे

दादरला दातांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला बसते. रूट कॅनलचे किती, कॅपचे किती, हे समोरच्याच्या डोळ्यांत बघून सांगायची मला इतकी सवय आहे की पेशंटला दुखायला तिथूनच सुरुवात होते. पण माझे स्वतःचे किती, हे सांगायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना.

त्याला कारण आमची चाळ. लालबागच्या या चाळीत मी जन्मले आणि शाळेत असल्यापासून इथल्या प्रत्येक कार्यक्रमाचं माईक, स्पीकर, गाणी हे खातं माझ्याकडे आहे. पूजा असो, बारसं असो, "तिला बोलवा, ती लावेल." मी लावायचे, आणि बदल्यात द्रोणभर शिरा खायचे. पुढे मी रविवारचा क्लास लावून डीजेचं रीतसर शिकले. पगारातून बाजूला टाकत टाकत एक कंट्रोलर घेतला, म्हणजे लॅपटॉपला जोडायचं, दोन तबकड्या असलेलं यंत्र. आणि जाहीर करून टाकलं की यापुढे मी पैसे घेऊन वाजवणार. चाळ हसली. आई फक्त "बरं" म्हणाली. मी डाएट करणार म्हटल्यावरही ती एवढंच म्हणते.

पहिलं काम आलं ते चाळीतूनच. आमची चाळ म्हणजे समोरासमोर दोन इमारती आणि मध्ये चौक. डावीकडे तळमजल्यावर एक मालवणी कुटुंब, समोर दुसऱ्या मजल्यावर एक साताऱ्याकडचं. मालवण्यांचा मुलगा आणि साताऱ्याची मुलगी लहानपणापासून चौकाच्या आरपार एकमेकांकडे बघत होते, हे सगळ्यांना माहीत होतं. दोघांच्या आया तेवढ्या सोडून. कळलं तेव्हा दोन्ही घरांत भांडी आपटली गेली. ह्या म्हणायच्या "घाटावरची", त्या म्हणायच्या "कोकणातले". शेवटी लग्न ठरलं, आणि दोघांची हळद एकाच संध्याकाळी, एकाच चौकात करायचंही ठरलं. चौक एक, म्हणजे डीजेही एकच. मी.

आई म्हणाली, "पैसे मागू नकोस हं."

"का?"

"बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलात डबे कोणी पोचवले? एक दिवस ही, एक दिवस ती. एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण डबा चुकला नाही. त्यांच्याकडून तू पैसे घेणार?"

हे खरं होतं. बाबा आता ठणठणीत आहेत, रोज मैदानाला फेऱ्या मारतात, पण ते डबे मलाही आठवतात. एकीची डाळ पातळ असायची आणि दुसरीची तिखट. आईचं बोलणं मनाला लागलं आणि रागही आला. कारण आज यांच्याकडून घेतले नाहीत, तर चाळीत कुणाकडूनच कधी घेता येणार नाहीत. मी जन्मभर शिऱ्यावर वाजवत राहीन. आणि सामान भाड्याने आणायचं ते काय शिरा देऊन?

सामानासाठी मी लोअर परळला गेले. तिथे काचेच्या टॉवरच्या मागच्या गल्लीत एका ख्रिश्चन अंकलचं साऊंडचं गोडाऊन आहे. स्वतः अंकल स्टुलावर बसून चहात बटर बुडवत होते.

"कोण वाजवणार?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"गुड. पोरं लय मोडतोड करतात."

दोन टॉप, म्हणजे वरचे स्पीकर, दोन बेस, अ‍ॅम्प्लिफायर, मिक्सर, वायरी, आणि टेम्पोने पोचवणं. सगळं धरून त्यांनी साडेसहा हजार सांगितले. मी प्रत्येक वस्तूला हात लावून, चालवून बघितली. मिक्सरवरचं चौथं बटण कितीही फिरवलं तरी काही होईना.

"अंकल, हे मेलेलं आहे."

"त्याला हात नको लावू. तीन चालू आहेत ना? तुला दोनच लागतात."

"चालत नाही त्याचं भाडं मी कशाला देऊ?"

अंकलने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. त्या मेलेल्या बटणाचे पाचशे कमी झाले. सहा हजारांवर सौदा पटला आणि मी अ‍ॅडव्हान्स देऊन मोकळी झाले. घासाघीस करताना मला जराही लाज वाटली नाही, याचं निघताना मलाच नवल वाटलं.

"आणि तू किती घेणार?" अंकलने विचारलं.

"दहा म्हणतेय. सामानाचे सहा, माझे चार."

"मग ऐक. आकडा बोलायचा आणि तोंड बंद. पाणी मागून घ्यायचं नि पीत बसायचं. जो पहिला बोलेल तो खाली येणार."

हा सल्ला मी तंतोतंत पाळला. आधी नवऱ्याच्या आईकडे, म्हणजे मालवण्यांकडे गेले, पाणी मागितलं, "दहा हजार" म्हटलं आणि ग्लास तोंडाला लावला. नवऱ्याची आई काहीच बोलली नाही. ग्लास संपला तसा तिने तांब्यातून पुन्हा भरला. मी तोही संपवला. तिने तिसरा भरला आणि मग म्हणाली, "भूक लागली काय गो तुका?" आणि घावणे वाढले. घावणे खाऊन झाल्यावर हात पुसता पुसता तिने सांगितलं की त्यांच्यात हळदीच्या वाजपाचा, म्हणजे गाण्याबजावण्याचा खर्च नवरीकडचे करतात.

मी चौक ओलांडून, दोन जिने चढून नवरीच्या आईकडे गेले. तिथे गप्प बसायची गरजच पडली नाही, कारण ती मला बोलूच देईना. "अगं, आमच्यात वाजंत्री मुलाकडची असती. आमच्या आत्याच्या लग्नात, आमच्या थोरलीच्या लग्नात..." पोहे आले, चहा आला, सगळ्या लग्नांचा हिशेब झाला. दहा हजारांचं नाव नाही.

माझं डोकं सटकलं. खाली चौकात येऊन मी दोन्ही इमारतींना ऐकू जाईल असं सांगितलं, "मी वाजवत नाही! ब्लूटूथवर लावा आणि नाचा!"

रात्री नवरा-नवरी दोघं आमच्या दारात उभी. विनवण्या, शपथा. शेवटी ठरलं, निम्मे ह्यांनी द्यायचे, निम्मे त्यांनी. दोन्ही आयांनी होकार दिला, पण दोघींनी मला वेगवेगळं गाठून एकच अट घातली. स्पीकरचं तोंड आमच्या दाराकडे हवं. मी इतकी खुशीत होते की दोघींनाही "हो, हो" म्हणून बसले.

हळदीच्या दिवशी दुपारी टेम्पो आला. स्पीकर उतरले आणि मला आपण काय कबूल केलंय ते आठवलं. आणखी दोन स्पीकर मागवले तर माझे चार हजार त्यातच जाणार. मी थोडा वेळ स्पीकरकडे बघत बसले आणि मग एक टॉप, एक बेस मालवण्यांच्या दाराकडे आणि एक टॉप, एक बेस साताऱ्याच्या गॅलरीकडे वळवला. दोन्हींतून तेच गाणं, तेवढाच आवाज. मधोमध टेबल टाकून मी. आईने पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून हे सगळं पाहिलं आणि ती आत गेली. पैसे ठरल्यापासून ती माझ्याशी तोलूनमापूनच बोलत होती.

ऊन उतरलं तसा चौक भरला. पिवळ्या साड्या, पिवळे कुर्ते, मुसळाला बांधलेली आंब्याची पानं. मी पहिलं गाणं सोडलं आणि दोन्ही इमारतींतून एकदम शिट्ट्या आल्या. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी कुणी पैसे नाही दिले तरी चालेल असं वाटलं. पण ते क्षणभरच.

दुसऱ्या गाण्याला नवऱ्याची आई टेबलाशी हजर. "तिकडचो आवाज मोठो लागता. आमच्याकडचो वाढव."

आवाज अगदी समान होता. पण हे समजावायचं कसं? माझा हात आपोआप चौथ्या बटणाकडे गेला. मी ते हळूच, अगदी जपून उजवीकडे फिरवलं. "आता बघा." ती दाराशी गेली, कान देऊन ऐकलं आणि लांबून अंगठा दाखवला.

तिसऱ्या गाण्याला नवरीची आई. "आमच्याकडं कायच ऐकू येईना की." मी तेच बटण डावीकडे फिरवलं. दोन जिने चढून तिने वरून हात हलवला. खूश!

त्यानंतर दोघींच्या खेपा सुरू झाल्या. मी आळीपाळीने उजवीकडे, डावीकडे. पाचशे रुपये कमी करून आणलेल्या त्या बटणाने दोन घरांत शांतता ठेवली होती. मला स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटायला लागलं की मी बेसावध झाले.

नवऱ्याची हळद झाली आणि उष्टी हळद नवरीकडे न्यायची वेळ आली. नवऱ्याची आई हळदीचं ताट घेऊन टेबलाशी आली, "मिरवत नेतलंय, आवाज वाढव." त्याच वेळी नवरीची आई खाली उतरून आली, "हळद आमच्या दारात येतीया, आमचा आवाज वाढीव." दोघी एकदम. मी गडबडले. एकीसाठी उजवीकडे फिरवलं, दुसरीसाठी लगेच डावीकडे.

नवरीच्या आईचे डोळे बारीक झाले. "मघाशी माझ्यासाठी हेच फिरवलंस ना?"

"आणि माझ्यासाठी पण हेच," नवऱ्याची आई म्हणाली.

नवरीच्या आईने माझा हात बाजूला केला आणि हळदीच्या बोटांनी ते बटण पार शून्यावर नेलं. गाणं तसंच. मग पार टोकाला नेलं. गाणं तसंच. दोघींनी आधी बटणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग कित्येक महिन्यांत पहिल्यांदा सरळ एकमेकींकडे. गेले आपले दहा हजार, मी मनात म्हटलं.

नवऱ्याच्या आईला आधी ठसकाच लागला. मग ती ताट सांभाळत वाकून वाकून हसायला लागली. "विहीणबाई, बघलात? ह्या चेडवान दोघींका येड्यात काढल्यान!"

"विहीणबाई" हा शब्द तिने पहिल्यांदा उच्चारला होता. नवरीची आईसुद्धा हसत सुटली, आणि दोघींनी मिळून ताटातली हळद माझ्या तोंडाला, केसांना, कानांत फासली. मग ताटाला दोघींनी दोन बाजूंनी धरलं आणि चौक नाचत ओलांडला. मी वाजवलं, जीव ओतून वाजवलं. आवाज लहान आहे अशी तक्रार पुन्हा आली नाही.

सगळं आटपल्यावर मी वायरी गुंडाळत होते. बघते तर दोघी एकाच बाकावर बसलेल्या. मला बोलावलं.

"आता आमी एकाच घरातल्या," नवरीची आई म्हणाली. "तू बी घरचीच. सात घे."

"त्यातले फसवल्याचे हजार कमी," नवऱ्याची आई म्हणाली.

दोघी गालातल्या गालात हसत होत्या, पण पैशांबद्दल थट्टा करत नव्हत्या. आजूबाजूला निम्मी चाळ उभी होती. सहा हजार म्हणजे अंकलचं भाडं, आणि मला पुन्हा शिरा. मला "दहा ठरले होते" एवढंच म्हणायचं होतं. दवाखान्यात दिवसातून वीसदा म्हणते तसं. पण समोर ते डबे दिसत होते, पातळ डाळ आणि तिखट डाळ, आणि तोंड उघडेना. अंकलचा सल्ला पाळायला जवळ पाणीही नव्हतं.

"दहा ठरलेत!"

आवाज गॅलरीतून आला. आई. ती जिना उतरून चौकात आली, पदर खोचलेला.

"घरचीच आहे ना ती," नवऱ्याची आई म्हणाली.

"घरची आहे म्हणून तर दहा. बाहेरचा वीसच्या खाली आला नसता." मग आई दोघींच्या समोर येऊन उभी राहिली. "तुमच्या डब्यांचं माझ्यावर आहे. ते मी जन्मभर फेडीन, तुम्ही म्हणाल तेव्हा रांधून घालीन. पण ते हिच्याकडून कापून घ्यायचं नाही. दुपारपासून उभी आहे पोर. तिचं तिला द्या."

मला रडू येईल असं वाटलं आणि ते येऊ नये म्हणून मी वायर गुंडाळत राहिले.

"डब्यांचं कशाला काढलंस गं," नवरीची आई हळूच म्हणाली. तिने कमरेचा बटवा सोडला. नवऱ्याची आई घरात जाऊन पाकीट घेऊन आली. दोघींनी आपापले पाच माझ्या हातात ठेवले आणि वर एकेक रुपया.

घरी आल्यावर आईने मला मोरीपाशी बसवलं आणि खोबरेल तेलाने कानातली हळद काढायला घेतली. एक कान साफ झाला. मग दुसरा कान आपल्याकडे वळवत ती म्हणाली,

"पुढच्या वेळी बारा सांग."