परत न आलेला फोटो
कपाट आवरताना मुलीचा निळ्या साडीतला फोटो सापडला आणि राजारामपुरीतला तो कोंदट नेट कॅफे आठवला. स्थळ मोडलं की फोटो परत द्यायचा, ही आमच्याकडची रीत. मुलाकडून नकार आला, तशी मी त्यांना ईमेलने फोटो धाडून देणाऱ्या त्या कॅफेवाल्याकडे गेले. म्हटलं, “आता परत मागव.” तो हसला. “मावशी, ते काय कागूद हाय व्हय? मोठा जात न्हवता म्हणून बारीक करून धाडला. आता कुणालाबी पुढं धाडता येतोय की. भावकीत फिरलाबी असंल.” “दात काढू नको. तुझ्याकडचा तरी पूस.” त्याने पुसला, पण माझा पाय तिथून निघेना. मुलीचं लग्न होऊन वर्षं झाली. अजूनही कुणी परका माणूस तिच्याकडे टक लावून बघू लागला, की मी मध्ये जाऊन उभी राहते.