आक्कासाठी आलेलं बोलावणं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आक्काला जाऊन चार महिने झाले. रोज एक ओळ लिहितो, खोडतो. आज खोडणार नाही.

आक्का माझी थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती शहापुरात, शेजारच्या सुवर्णावहिनींच्या विणकामाच्या मागावर सुताच्या कांड्या भरायला जाऊ लागली. तेव्हा मान वर करून बोलतही नसे. पण त्या खडखडाटात बोलायचं तर ओरडावंच लागे — आणि आक्का ओरडायला शिकली. हसायला, कन्नडमधून भांडायला, नव्या सुनांना तुटलेला धागा सांधून दाखवायला.

मागावर नवा बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ, चढला की पहिला हात सवाष्णीचा, अशी तिथली रीत. सुवर्णावहिनींनी ती मोडली. पहिला हात आक्काचा — दर वेळी सुपारी देऊन बोलावून.

मग आक्का तापानं आजारली आणि मी तिला गावाच्या दुसऱ्या टोकाला, कॅम्पात माझ्या घरी आणलं. विश्रांतीला, असं म्हणालो. खरं? निवृत्तीनंतर घर मला खायला उठत होतं.

महिन्यानं, आक्का देवळात गेली असताना, सुवर्णावहिनी सुपारी घेऊन दारात आल्या.

"आक्कास्नी धाडा अण्णा. बीम आलाय. त्यांच्याबिगर माग बी रुसलाय बघा."

"तिला आता झेपत न्हाय," मी म्हणालो. "तीच नको म्हणती."

सुपारी ठेवून त्या गेल्या. मी ती फेकून दिली.

आक्कानं आल्यावर विचारलं, "शापुरातनं कोन आलतं काय रं?"

"न्हाय."

ती मानी. बोलावल्याशिवाय गेली नसती — हे मला ठाऊक होतं. पुढं कितीतरी दिवस ती विचारत राहिली, मग विचारेनाशी झाली. माझ्याकडे शांतता होती, पुस्तकं होती, औषधं वेळेवर होती. आणि तिचा आवाज पुन्हा बारीक होत गेला. "तुझ्या घरात भांडी बी हळू वाजत्यात रं," एकदा हसून म्हणाली. मला कळलं नाही का? कळलं. पण ती गेली असती तर माझ्यासमोर जेवायला कोण बसलं असतं?

ती वारल्यावर सुवर्णावहिनी भेटायला आल्या. आक्काच्या फोटोसमोर बसल्या. मग म्हणाल्या, "आमचं काय चुकलं अण्णा? का आल्या न्हाईत त्या?"

"तिचं मन उडालं होतं," मी म्हणालो.

त्या आक्कावर रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. रागावल्या नाहीत. डोळे पुसून उठल्या. मी त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेलो — आणि तेवढ्या वाटेतही खरं बोललो नाही.