चष्म्यातला गुडघा

गुडघ्याच्या ऑपरेशनचे किस्से सर्जनपेक्षा भूलतज्ज्ञाकडे जास्त साठतात. कारण साधं आहे. पेशंट कमरेखाली बधिर असतो, पण वरून टक्क जागा! मध्ये हिरवा पडदा. पलीकडे आमचे रामटेके डॉक्टर करवत चालवतात आणि अलीकडे मी पेशंटच्या उशाशी बसून गप्पा ऐकते. त्यात चंद्रपूरच्या आमच्या हॉस्पिटलात कॉम्प्युटरचा तो चष्मा आला आणि किस्स्यांना ऊतच आला.

तो चष्मा घातला की डॉक्टरांना खऱ्या हाडावरच रंगीत रेषा दिसतात. कुठं कापायचं, नवा सांधा किती कलता बसवायचा, सगळं तिथल्या तिथं. बाकी कुणाला काहीच दिसत नाही! पहिल्या दिवशी डॉक्टर चष्म्यात दिसणारा मेनू हवेत चिमटीनं सरकवत होते. टेबलावर भद्रावतीचे एक रिटायर्ड कंडक्टर. पडद्यावरून दिसणारे ते हात त्यांनी बराच वेळ न्याहाळले.

"म्याडम, आतमंदी मच्छर हायेत काय?"

*

राजुऱ्याचे एक भाऊ कोळशाचा ट्रक चालवायचे. पलीकडून डॉक्टर स्वतःशीच पुटपुटत होते, "थोडं डावीकडे... अजून थोडं... बस, बस!" भाऊंचा चेहरा उतरला.

"डॉक्टर पहिल्यांदाच आले काय इथी? रस्ता काऊन विचारून राह्यले?"

मी त्यांना चष्म्याचं सगळं समजावलं. भाऊंचा जीव भांड्यात पडला. "असं हाय काय! मंग बरं. रिव्हर्स घेताना मी बी क्लीनरले खाली उतरवत होतो." आणि चक्क घोरायला लागले.

*

पोंभुर्ण्याकडच्या जंगलातली मडावीबाई. मोहफुलं वेचता वेचता गुडघे गेलेले. नवा सांधा बसला, रेषा जुळल्या, डॉक्टर एकदम खूश. "बाई, पाय अगदी सरळ झाला बरं का!"

"सरळ तं झाला. वाकते काय?"

वाकेल, पण जमिनीवर उकिडवं बसू नका, मोह वेचायला छोटं स्टूल न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. हे सांगताना त्यांचा आवाज जरा पडला. मलाही वाईट वाटलं. बाईनं मात्र शांतपणे विचार केला.

"स्टूल नेईन जी. पन अस्वल आलं तं पळता येईन ना?"

 

*

या सगळ्यात डॉक्टरांच्या आईचे गुडघे तसेच राहिले होते. मायनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात चिखलात वाकून धान रोवलं आणि मुलाला डॉक्टर केलं. आता तिला भिंत धरल्याशिवाय बाथरूमपर्यंतही जाता येईना. डॉक्टरांनी नागपूरला आपल्या सरांकडे सगळं ठरवून ठेवलं. "आईवर माझा हात चालायचा नाही हो," ते मला म्हणाले.

माय ऐकायलाच तयार नाही. "लोकायच्या मायचे गुडघे करतं अन् मले नागपूर दाखवतं! तू करशीन तं कर, नाई तं राहू दे."

घरात कितीतरी दिवस हाच वाद. शेवटी डॉक्टर हरले. खरं सांगते, मला त्या दोघांचीही काळजी वाटत होती.

*

मायला झोपेचं औषध नको होतं. मी तिचा हात धरून बसले. पलीकडे सगळी तयारी झाली, डॉक्टरांनी चष्मा चढवला. आता "डावीकडे... बस" सुरू होईल म्हणून मी वाट बघत होते. काहीच ऐकू येईना. सिस्टर माझ्याकडे बघायला लागली. मी उठून पडद्यावरून डोकावले. हाडावर कुठं कापायचं ते डॉक्टरांना दिसत असणार, पण हातात करवत धरून ते नुसते उभे होते.

मायनं माझा हात दाबला. "म्याडम, तो रडून राह्यला काय?"

माय पडद्याकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली,

"बाबू, महागाचा चष्मा हाये! भिजवू नोको!"

थोड्या वेळानं करवत सुरू झाली.